शब्दार्थ पाठ करून भागत नाही: व्याख्येच्या मदतीने मुलांचा इंग्रजी शब्दसंग्रह कसा वाढवावा

मुंबईतल्या मराठी शाळेतल्या सहावी-सातवीच्या मुलाची इंग्रजीची वही उघडून बघा. प्रत्येक धड्याखाली 'शब्दार्थ' असं अधोरेखित केलेलं असतं. डावीकडे इंग्रजी शब्द, मधे बरोबरचं चिन्ह, उजवीकडे एक मराठी शब्द. परीक्षेच्या आदल्या रात्री ही यादी पाठ होते आणि पेपर झाला की उडून जाते. खरं दुखणं मात्र वेगळंच आहे. जे शब्द डोक्यात राहतात, तेही मुलांना वापरता येत नाहीत.

'रिलक्टंट म्हणजे नाखूश' हे पाठ असलेला मुलगा निबंधात 'आय ॲम रिलक्टंट विथ माय मार्क्स' असं लिहून मोकळा होतो. मराठीत 'मी माझ्या मार्कांवर नाखूश आहे' हे अगदी बरोबर आहे, त्यामुळे आपलं काय चुकलं ते त्याला कळतच नाही. रिलक्टंट म्हणजे एखादी गोष्ट करायला मन तयार नसणं आणि करावीच लागली तर रेंगाळत करणं. मार्कांच्या बाबतीत कुणी रिलक्टंट नसतो. मागच्या बाकावरून उठून फळ्यापाशी जायला मात्र मुलं रिलक्टंट असतात. उजवीकडच्या एका मराठी शब्दात हे मावत नाही. त्यासाठी व्याख्या लागते, आणि ती मुलाने स्वतः, सोप्या इंग्रजीत, आपल्या हाताने लिहावी लागते. या लेखातली सगळी पद्धत याच गोष्टीवर उभी आहे. ती पाचवी ते दहावीच्या मुलांसाठी आहे, मराठी माध्यम असो की सेमी इंग्रजी.

किती शब्द आणि कुठले

रोज चार नवे शब्द पुरेत. आठवड्यातले पाच दिवस धरले तर वीस शब्द होतात. परीक्षा, गणपती, दिवाळी, सर्दी-ताप वगळून वर्षाचे तीस आठवडे धरले तर सहाशे. पाचवीत सुरुवात केली तर नववी संपेपर्यंत तीन हजार. इंग्रजीचे बरेच मोठे कोश 'हे आधी शिका' म्हणून ज्या शब्दांवर खूण करतात, त्यांची संख्याही साधारण इतकीच असते. 'रोज वीस शब्द' असा नेम धरलेल्या घरांत तो पहिला आठवडा संपायच्या आत मोडतो, म्हणून चारावरच थांबा.

पहिले शब्द बालभारतीच्या पाठ्यपुस्तकातून घ्या. पुस्तक हरवलं असेल किंवा मागच्या इयत्तेचं हवं असेल तर ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ फुकट मिळते. धड्यातला प्रत्येक अनोळखी शब्द उचलायचा नाही. जो शब्द दुसऱ्या धड्यात, विज्ञानाच्या पुस्तकात किंवा रस्त्यावरच्या पाटीवर पुन्हा भेटला, तो वहीत घ्यायचा. एकदाच दिसलेला शब्द पेन्सिलीने खूण करून सोडून द्या. कामाचा असेल तर तो पुन्हा समोर येतोच.

पाट्यांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण या बाबतीत मुंबईच्या मुलांसारखी सोय फार थोड्या ठिकाणी आहे. लोकलच्या डब्यात साखळीजवळची सूचना बघा. गाडी थांबवायला साखळी ओढा, आणि पुढे 'पेनल्टी फॉर यूज विदाउट रीझनेबल अँड सफिशियंट कॉज', मग फाइन हजार रुपयांपर्यंत आणि/किंवा इम्प्रिझनमेंट एक वर्षापर्यंत. यातले किमान दोन शब्द मुलाला 'येत' असतात. 'फाइन' म्हणजे छान. 'रीझनेबल' म्हणजे स्वस्त, कारण दादरच्या बाजारात 'रीझनेबल रेट' तो रोज ऐकतो. दोन्ही अर्थ इथे लावले तर सूचनेचा काही अर्थच लागत नाही. नेमका तोच क्षण पकडायचा. इथे फाइन म्हणजे नियम मोडल्याबद्दल भरावे लागणारे पैसे, आणि रीझनेबल म्हणजे विचारी माणसाला पटेल असं. ओळखीच्या शब्दाचा दुसरा अर्थ हाही नवा शब्दच धरा आणि त्याला वहीत स्वतंत्र जागा द्या. घरी परतताना मुलाला एवढंच विचारा, की साखळी ओढायला 'रीझनेबल कॉज' कुठलं? फलाटावर राहिलेली छत्री की दारातून पडलेला माणूस? त्या उत्तरात शब्दाचा अर्थ पक्का होतो.

डिक्शनरी कुठली घ्यावी

खिशात मावणारी छोटी डिक्शनरी यासाठी निरुपयोगी आहे. तिच्यात 'ऑब्स्टिनेट' पाहिला की समोर 'स्टबर्न', आणि 'स्टबर्न' पाहिला की समोर 'ऑब्स्टिनेट'. मूल दोन पानं उलटून जिथे होतं तिथेच. पाहिजे ती लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशांसाठी केलेली. तिच्यात अवघड शब्दाचा अर्थ ठरावीक सोप्या शब्दांतच सांगितलेला असतो.

या कल्पनेचा जन्म आपल्याच बाजूला झाला, हे मुलांना जरूर सांगावं. मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षक तेव्हाच्या बंगालमध्ये, ढाक्याला काम करत होते. बंगाली मुलांना इंग्रजी वाचताना काय जड जातं, हे त्यांनी जवळून पाहिलं. पुढे १९३५ साली जेम्स एन्डिकॉट यांच्याबरोबर त्यांनी जो कोश काढला, त्यात सुमारे चोवीस हजार नोंदींचे अर्थ फक्त १,४९० शब्दांत सांगितले होते. त्याच सुमारास ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. त्यांचा कोश १९४२ साली टोकियोत निघाला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने छापला. आजची ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी ती हीच. लाँगमनने १९७८ साली सुमारे दोन हजार शब्दांत सगळे अर्थ सांगणारा कोश आणला. म्हणजे दोन-अडीच हजार शब्द हातात असले की उरलेली इंग्रजी इंग्रजीतूनच समजावता येते. मुलाला आपण नेमकं हेच करायला शिकवणार आहोत.

नवी प्रत महाग वाटली तर फोर्टात फ्लोरा फाउंटनच्या आसपास जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांकडे बघा. चार-पाच आवृत्त्या मागची प्रत शाळेला बिनदिक्कत चालते. घेताना मधली पानं उघडून छपाई पुसट नाही ना आणि बांधणी सुटलेली नाही ना, तेवढं पाहा. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन या तिन्हींच्या लर्नर्स डिक्शनऱ्या इंटरनेटवर फुकट आहेत आणि तिथे उच्चार ऐकताही येतो. उच्चारासाठी मोबाइल वापराच. 'डेट' म्हणजे कर्ज, यातला बी आणि 'रिसीट'मधला पी तोंडातून काढायचा नसतो, हे छापील पानावरून मुलाला कळत नाही. पण शब्द शोधायला घरात एक जाड पुस्तक असावंच असं माझं ठाम मत आहे. एक शब्द शोधताना शेजारचे चार दिसतात, आणि मोबाइलमधल्या खेळाची सूचना मधेच टपकत नाही.

भाषांतराचं ॲप मात्र या कामासाठी बंद. ते पुन्हा तोच एक मराठी शब्द हातात ठेवतं.

कोशातली नोंद वाचताना

नोंद उघडल्यावर आधी शब्दाची जात पाहायची: नाम, क्रियापद की विशेषण. मग नामाजवळ सी किंवा यू असं अक्षर आहे का ते. सी म्हणजे मोजता येणारं, यू म्हणजे न मोजता येणारं. 'फर्निचर', 'इन्फर्मेशन', 'ॲडव्हाइस', 'होमवर्क' यांच्यापुढे यू असतं, म्हणून त्यांना शेवटी एस लागत नाही. 'फर्निचर्स' आणि 'होमवर्क्स' वर्गात रोज ऐकू येतात, आणि ते सुधारायला हे एक अक्षर पुरतं. त्यानंतर क्रमांक घातलेले सगळे अर्थ वाचून आपल्या वाक्यात बसणारा एकच घ्यायचा. शेवटी उदाहरणाचं वाक्य मोठ्याने म्हणायचं. मुलं नेमकं तेच गाळतात.

व्याख्या लिहायला शिकवणं

इथे घाई करू नका. पहिले दोन आठवडे फक्त यालाच द्यावे लागले तरी चालेल.

नामाची व्याख्या दोन प्रश्नांची उत्तरं जोडून तयार होते. ही वस्तू कुठल्या गटातली? आणि त्या गटातल्या इतरांपेक्षा वेगळी कशी? सराव ओळखीच्या वस्तूंवर करावा. मी 'ब्रिज', 'फ्लायओव्हर', 'स्कायवॉक' आणि 'सबवे' हे चार शब्द घेतो, कारण मुंबईतलं मूल या चारही ठिकाणांहून गेलेलं असतं. आधी सगळी मुलं चौघांनाही 'अ वे टू क्रॉस' म्हणतात. गट बरोबर, पण चौघांत फरक काहीच नाही. मग विचारायचं, काय ओलांडायचं, कुणी आणि कुठून? हळूहळू वाक्यं येतात. फ्लायओव्हर म्हणजे 'अ ब्रिज दॅट टेक्स वन रोड ओव्हर अनदर रोड'. स्कायवॉक म्हणजे 'अ लाँग ब्रिज फॉर पीपल ऑन फूट, हाय अबव्ह द रोड'. सबवे म्हणजे 'अ पाथ अंडर अ रोड ऑर रेल्वे, फॉर पीपल टू वॉक थ्रू'.

सबवेपाशी वर्गात हमखास वाद होतो, आणि तो होऊ द्यावा. सीएसएमटीचा सबवे चालणाऱ्यांचा आहे, तिथे व्याख्या चपखल बसते. पण पावसात तुंबणारा अंधेरी सबवे गाड्यांचा आहे! कोश उघडला की समजतं, ब्रिटिश इंग्रजीत सबवे म्हणजे पादचाऱ्यांचा भुयारी रस्ता, अमेरिकेत भुयारी रेल्वे, आणि गाड्यांच्या रस्त्याला 'अंडरपास' म्हणतात. तिन्ही अर्थ वहीत उतरवायचे आणि चौथी ओळ लिहायची, 'इन मुंबई, ऑल्सो अ रोड फॉर कार्स अंडर द रेल्वे'. आपल्या शहराच्या पाटीवरचा शब्द आणि कोशातला शब्द वेगळे असू शकतात, हे कळलेलं मूल पुढे शब्द तपासून घेतं.

क्रियापदासाठी प्रश्न वेगळे: कोण करतं, कशाचं करतं, आणि त्यानंतर काय होतं? 'बॉरो' आणि 'लेंड' ही जोडी आपल्या मुलांना फार छळते, कारण मराठीत दोन्हीकडे 'उसनं' आहे, फक्त पुढे घेणं किंवा देणं येतं. बॉरो म्हणजे 'टू टेक समथिंग फ्रॉम समवन अँड गिव्ह इट बॅक लेटर'. लेंड म्हणजे 'टू गिव्ह समथिंग टू समवन हू विल गिव्ह इट बॅक लेटर'. व्याख्येतच 'फ्रॉम' आणि 'टू' येऊन गेले, त्यामुळे शब्दयोगी अव्ययं वेगळी पाठ करायची गरज उरत नाही. 'कॅन यू बॉरो मी अ पेन' हे वाक्य या दोन ओळी लिहिल्यावर बहुतेक मुलांच्या तोंडून जातं.

विशेषणाची व्याख्या करताना ते कशाला लावतात, हे आधी लिहायचं. 'शॅलो' पाण्याला, ताटलीला, श्वासाला लागतं. 'रिलक्टंट' माणसाला लागतं आणि त्यामागे 'टू' येऊन क्रियापद येतं.

व्याख्या लिहून झाली की तिच्या दोन परीक्षा घ्या. पहिली, ती दुसऱ्याला वाचून दाखवायची आणि त्याने शब्द ओळखायचा. 'क्रो: अ ब्लॅक बर्ड' असं लिहिलं तर दुसरा 'कोकीळ' म्हणू शकतो, कारण नर कोकीळही काळाच असतो. व्याख्या फार ऐसपैस झाली. आणि खिडकीबाहेर पाहिलं तर आपल्या मुंबईच्या कावळ्याची मान राखाडी असते, म्हणजे 'ब्लॅक' हाही अर्धाच शब्द. मग मूल लिहितं, 'अ ब्लॅक अँड ग्रे बर्ड विथ अ लाउड, रफ क्राय'. दुसरी परीक्षा, धड्यातल्या वाक्यात शब्दाच्या जागी व्याख्या घालून वाचायची. वाक्य लांबेल, पण अर्थ बदलता कामा नये. 'ही वॉज रिलक्टंट टू गो'च्या जागी 'ही डिड नॉट वाँट टू गो' बसतं. 'ही वॉज अनहॅपी टू गो' घातलं तर अर्थ सरकतो, हे कानालाच जाणवतं.

नियम एकच आणि कडक: व्याख्येतला कुठलाही शब्द मूळ शब्दापेक्षा अवघड नको, आणि मूळ शब्द किंवा त्याचंच रूप व्याख्येत नको. 'टीचर: वन हू टीचेस' बाद.

मराठी कधी लिहायचं

मराठीला बंदी घालणारे शिक्षक मला पटत नाहीत. 'टॅमरिंड'ची इंग्रजी व्याख्या करत बसण्यात काय अर्थ आहे? चिंच म्हटलं की तोंडाला पाणी सुटतं, काम झालं. 'मंगूस' तर इंग्रजीने आपल्या मुंगसावरूनच घेतला आहे. झाडं, प्राणी, भाज्या, नाती, अवयव यांना मराठी शब्द लिहा आणि पुढे चला. भावना, स्वभाव, विचार, देवाणघेवाण, प्रमाण अशा शब्दांना मात्र आधी इंग्रजी व्याख्या, आणि मराठी सगळ्यात शेवटी, लागलंच तर.

सेमी इंग्रजीवाल्यांसाठी

विज्ञानात व्याख्या पाठ करण्याची सक्ती असतेच. तिचा फायदा करून घ्या. 'वर्क' रोजच्या बोलण्यात काम, पण भौतिकशास्त्रात बलाने वस्तू सरकली तरच वर्क. न हलणारी भिंत घाम फुटेपर्यंत ढकलली तरी वर्क शून्य. 'फोर्स', 'पॉवर', 'सेल', 'सोल्यूशन' हे असेच दुहेरी शब्द. वहीत पानाचे दोन भाग करून 'घरचा अर्थ' आणि 'विज्ञानाचा अर्थ' समोरासमोर लिहावे. लांब शब्द फोडून पाहावे: 'फोटो' म्हणजे प्रकाश, 'सिंथेसिस' म्हणजे जोडून तयार करणं, म्हणून फोटोसिंथेसिस. त्याच 'फोटो'तून फोटोग्राफ. 'इव्हॅपोरेट'मध्ये 'व्हेपर' म्हणजे वाफ दडलेली आहे. एक तुकडा ओळखीचा झाला की पुढचे शब्द निम्मे सुटतात.

वही आणि खोका

उभी दुरेघी वही घ्या, एका पानावर दोनच शब्द. शब्द, त्याची जात, स्वतःची व्याख्या, धड्यातलं वाक्य, आणि स्वतःच्या आयुष्यातलं एक वाक्य. शेवटचं वाक्य खरं असलं पाहिजे. 'राम इज रिलक्टंट' चालणार नाही. 'माय सिस्टर इज रिलक्टंट टू गेट अप फॉर द ६.१२ लोकल' चालेल. त्याखाली शब्दासोबत नेहमी येणारे सोबती लिहावे: 'हेवी रेन', पण 'स्ट्राँग विंड', 'मेक अ मिस्टेक', पण 'डू होमवर्क'.

आता उजळणी. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर प्रयोग करून १८८५ साली दाखवलं, की पाठ केलेलं सुरुवातीलाच सगळ्यात वेगाने विसरतं. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी हवी. पुढे १९७२ साली सेबास्टियन लाइटनर यांनी कार्डांच्या खोक्याची पद्धत मांडली, ती इथे फार उपयोगी पडते. जुन्या लग्नपत्रिकांचे कोरे भाग कापून कार्डं करा. एका बाजूला मुलाची व्याख्या, मागे शब्द. बुटांच्या खोक्यात पुठ्ठे लावून तीन कप्पे करा. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात, तो रोज काढायचा. व्याख्या वाचून शब्द स्पेलिंगसकट आला की कार्ड दुसऱ्या कप्प्यात, तो दर तिसऱ्या दिवशी. तिथेही आला की तिसऱ्यात, तो दर रविवारी. कुठेही चुकलं की कार्ड पुन्हा पहिल्या कप्प्यात.

कार्डाची बाजू उलटी धरू नका. शब्द पाहून अर्थ सांगणं सोपं आहे, त्याने वाचन सुधारतं. व्याख्या पाहून शब्द आठवणं कठीण आहे, पण लिहिताना-बोलताना नेमकं तेच लागतं. दहावीच्या कृतिपत्रिकेतही उताऱ्यातून अर्थावरून शब्द शोधायला लावतात, तिथे हा सराव थेट कामाला येतो.

घरात इंग्रजी कुणाला येत नसेल तर

'आम्हाला इंग्रजी येत नाही, मग आम्ही कसं घेणार?' हा प्रश्न पालकसभेत आया नेहमी विचारतात, तोही अगदी अवघडून. ताई, इंग्रजी न येता ही तयारी उत्तम घेता येते. मुलाने आपली इंग्रजी व्याख्या मराठीत समजावून सांगायची आणि आईने कुठल्या गोष्टीबद्दल बोलतोय ते ओळखायचं. आईला ओळखता आलं नाही तर व्याख्येत काहीतरी राहून गेलंय. ते काय, हे मुलाला आपोआप शोधावं लागतं. भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना हे होतं, वेगळा वेळ काढावा लागत नाही. मोठं भावंड असेल तर त्याच्याकडे स्पेलिंग तपासायचं काम द्या.

एका खोलीच्या घरात संध्याकाळी टीव्ही चालू असतो, जागा नसते. चार कार्डं घेऊन चाळीच्या गॅलरीत किंवा जिन्यात दहा मिनिटं पुरतात. ज्यांचा शाळेचा प्रवास लोकलचा किंवा बेस्टचा आहे, त्यांनी कार्डं रबरबँड लावून दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ठेवावी. गर्दीत काढू नयेत. गाडीची वाट पाहताना काढावीत.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी नवे शब्द घेऊ नका. त्या दिवशी वही चाळायची, महिन्यापूर्वी लिहिलेल्या व्याख्या पुन्हा वाचायच्या आणि आता जी अपुरी वाटेल ती खोडून शेजारी नवी लिहायची. जुनी ओळ वाचता येईल अशीच खोडायची. सहावीत लिहिलेलं 'ब्रेव्ह: नॉट अफ्रेड' आठवीत 'अफ्रेड, बट स्टिल डूइंग द राइट थिंग' असं होतं, आणि हा बदल मुलाला स्वतःच्या अक्षरात दिसायला हवा.